आमच्या खुणेचा दिवा

१

माझा भाऊ मेला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?

एवढंच विचारलं मी. आधी फोनवर विचारलं, मग जपानला जाऊन समोर उभं राहून विचारलं. कंपनीचा साहेब कमरेत वाकला. मी पुन्हा विचारलं, तो आणखी वाकला. त्याच्या टकलाशी बोलू का मी? दुभाषी बाई म्हणाली, "सर म्हणतात, यंदा उन्हाळा फार कडक होता." मी म्हटलं, मी उन्हाचं विचारत नाही, माणसाचं विचारतोय.

माझा भाऊ म्हणजे पियुष. वटार गावात आमची वाडी आहे, केळी आणि सोनचाफा. दादा शिकला, मी नववीत शाळा सोडली. दादा जपानला गेला तो तिथल्या प्लास्टिकच्या मोठमोठ्या शेडमध्ये टोमॅटो पिकवायला. जुलैतल्या एका दुपारी अशाच एका तापलेल्या शेडमध्ये तो पडला. लगेच सापडला असं एक जण सांगतो, संध्याकाळी सापडला असं दुसरा. तिकडून फोन आला, बाबांनी हो म्हटलं आणि त्यांनी त्याला तिकडेच जाळला. मला कुणी विचारलं नाही. पासपोर्ट-व्हिसा होऊन मी पोचलो तोवर ऑगस्ट उजाडला. त्यांनी माझ्या हातात पांढऱ्या कापडात बांधलेला डबा दिला, दोन्ही हातांनी, आदराने. तो आदर बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

लुईस माझ्याबरोबर होता. हा आमच्या शेजारच्या नंदाखाल गावचा, दादाच्याच खोलीवर राहणारा, त्याच्याच बरोबर कामाला.

"तू होतास का रे तिथे?"

"माझी ड्युटी दुसऱ्या शेडला होती, प्रणव."

"मग कोण होतं?"

लुईसने माझी बॅग उचलली आणि पुढे चालायला लागला.

२

मी परत निघणार त्याच्या आदल्या दिवशी लुईस म्हणाला, "संध्याकाळी नदीवर चल. दिव्यांचा सण आहे."

"मला सण दाखवतोस? लाज नाय वाटत?"

"अरे तसला सण नाय. गेलेल्यांचा आहे. आपल्याकडे नोव्हेंबरला सिमेटरीत मेणबत्त्या लावतात ना, तसंच. इथे दिवा नदीत सोडतात."

गेलो. घाटाच्या पायऱ्यांवर गावातली सगळी माणसं जमली होती. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया, रंगीत बर्फ खाणारी पोरं. कोण रडत नव्हतं, कोण भांडत नव्हतं. लाकडाची छोटी चौकट, चार बाजूंनी पांढरा कागद, आत मेणबत्ती. कागदावर नाव लिहायचं आणि दिवा पाण्यावर ठेवायचा. नदी हळूहळू समुद्राकडे वाहत होती आणि सगळे दिवे तिच्याबरोबर ओळीने निघाले होते. फार सुंदर दिसत होतं. मला ते सुंदर दिसणं सहन होत नव्हतं.

एका म्हाताऱ्या बाईने माझ्यासमोर कोरा दिवा ठेवला, हातात ब्रश दिला.

"नाव लिही म्हणते," लुईस म्हणाला. "या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात असं हे लोक मानतात. आज त्यांना परत पाठवायचं. दिवा वाट दाखवतो."

"परत कुठे?"

"त्यांच्या जागी."

"त्याची जागा वटारला आहे," मी म्हटलं. "हे कोण त्याला पाठवणारे?"

मी एका बाजूला नाव लिहिलं. माझं अक्षर वाकडं. मग ब्रश पुन्हा शाईत बुडवला आणि उरलेल्या तिन्ही बाजूंवर आमची खूण काढली. वर अर्धा चंद्र, खाली दोन आडव्या रेघा.

आमचा माल बांबूच्या टोपल्यांतून दादरला जातो. सगळ्यांच्याच टोपल्या सारख्या, म्हणून प्रत्येक वाडीवाल्याची आपली खूण असते. बाजारात माल उतरला की रिकाम्या टोपल्या टेम्पोवाला खुणेप्रमाणे ज्याच्या त्याच्याकडे आणून टाकतो. आमची खूण माझ्या आजोबांची. टोपल्या, बादल्या, कोयत्याची मूठ, आयच्या लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांवर तीच. ती खूण असलेली वस्तू कुठेही जाऊ दे, घरी परत येते. हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही.

"हे काय काढलंस?" लुईसने विचारलं.

"पत्ता."

मी दिवा पाण्यावर ठेवला. तो इतरांबरोबर थोडा पुढे गेला आणि थांबला. त्याच्या दोन्ही बाजूंनी बाकीचे दिवे निघून जात होते. पाण्यात भोवरा असेल, खाली दगड असेल. एका माणसाने बांबूने त्याला पुढे ढकललं. दिवा पुढे गेला, वळला आणि पायरीशी परत आला. माणसाने पुन्हा ढकलला. पुन्हा आला. आतली मेणबत्ती विझली होती. म्हातारी बाई वाकून कागदावरची खूण बघत राहिली, मग माझ्याकडे बघून हळू आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"काय नाय," लुईस म्हणाला. "चल, निघू."

त्याने माझा दंड धरला होता.

३

डबा घरी आणला. अर्नाळ्याला समुद्रात अस्थी सोडल्या. बाबांनी सगळं नीट केलं, भटजीने सांगितलं तसं. बाबांचं सगळं नीटच असतं. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो.

पाऊस संपला. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं. मी पुन्हा कामाला लागलो. पहाटे माल टेम्पोत चढवायचा, दुपारी रिकाम्या टोपल्या उचलायच्या. टेम्पो सेबॅस्टियनचा. तो आमच्या रस्त्यात आत शिरत नाही. वळणावरच्या आंब्याखाली टोपल्या फेकतो, हॉर्न मारतो आणि जातो.

त्या दुपारी मी वळणावरच्या टोपल्या उचलून मागच्या पडवीत आलो, तर तिथे आधीच एक टोपली होती. फेकलेली नाही, ठेवलेली. दाराला लागून, तोंड वर करून. आमचीच खूण. मी उचलली तर बूड ओलं. बाहेर धूळ उडत होती आणि टोपलीच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. शेवाळाचा वास येत होता. गोड्या पाण्याचा, नदीचा. आमच्याकडे नदी नाही.

सेबॅस्टियनला फोन केला.

"आत आला होतास?"

"तुझ्या त्या बोळात? गाडी अडकवायला? येडा झाला काय?"

मला वाटलं बाबांनी विहिरीवर धुतली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. मग रोज. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू ठेवतोस ना?"

४

दिवाळी आली. दादाला जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून आम्ही कंदील लावला नाही, तळण केलं नाही. शेजारणी फराळाची ताटं आणून ठेवत होत्या.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पडवीतल्या ओल्या टोपलीत बरणी होती. आयने दादाला जाताना लोणचं भरून दिलं होतं तीच. झाकणावर लाल रंगात आमची खूण, कडेला उडालेला टवका. आतून लख्ख, कोरडी, लोणच्याचा वाससुद्धा नाही.

मी लुईसला व्हिडिओ कॉल लावला, बरणी कॅमेऱ्यासमोर धरली.

"ही कुणाच्या हाती पाठवलीस?"

लुईस स्क्रीनजवळ आला. "प्रणव, ही मी नाय पाठवली."

"मग कंपनीने पाठवली असेल."

"त्याचं सामान कंपनीने जाळलं. मी स्वतः नेऊन दिलं. ही बरणी मी फोडून टाकली होती कचऱ्यात. माझ्या हाताला लागलं पण होतं." त्याने तळहात दाखवला. तिथे व्रण होता.

"नदीवर ती बाई काय म्हणाली होती?"

"सोड ना यार."

"लुईस, भेन्चोद, बोल."

"म्हणाली, हा मुलगा बोलवतोय की पाठवतोय?"

मी फोन कापला. बरणी कुणाचीही असू शकते, असं स्वतःला सांगितलं. लाल रंग सगळीकडे मिळतो. टवके सगळ्या झाकणांचे उडतात. मागे वळलो तर आय दारात उभी होती. तिने बरणी माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि फळीवर जागेवर ठेवली.

"संपलं वाटतं लोणचं," ती म्हणाली. "अजून द्यायला पायजे."

५

मग आवाज सुरू झाले. दुपारी, जेवणं झाल्यावर, सगळी आळी झोपते तेव्हा.

वाडीत कोयता चालायचा. केळीच्या दांड्यावर सपकन बसायचा. मी कान देऊन थांबायचो. घाव बसला की घड पडतो, धप्प होतं. इथे धप्प व्हायचंच नाही. पुन्हा सपकन. पुन्हा काही नाही. पाटाने पाणी सोडल्याचा आवाज यायचा आणि जाऊन बघावं तर पाट कोरडा. पडवीतलं बाकडं एरवी करकरतं तसं करकरायचं, कुणीतरी बसल्यासारखं, पण त्या आवाजात वजन नव्हतं. कसं सांगू? रिकामा डबा वाजवला तरी वाजतोच ना, तसं.

आय दुपारची पडवीत जाऊन बसायला लागली. मधल्या खोलीतून मला तिची पाठ दिसायची. ती बाकड्यामागे पाटावर बसून हळूहळू बोलत असायची.

"आणि मग तू त्या शेवग्यावरून पडलास. हात मोडला तर रडला पण नाय. उलट मलाच म्हणालास, आय रडू नको."

मला वाटलं, बोलू दे. बोलून तरी हलकी होईल. बाबाही तेच म्हणाले. "तिला बरं वाटतंय. वाटू दे."

त्या संध्याकाळी मी सहज म्हटलं, "आय, दादा शेवग्यावरून पडला तेव्हा मी केवढा होतो?"

आयने माझ्याकडे बघितलं. "कुठला शेवगा?"

"अगं, हात मोडला होता ना त्याचा."

"नाय बाबा," ती म्हणाली. "हात कुठे मोडला त्याचा? कधीच नाय."

ती थट्टा करत नव्हती. आठवायचा प्रयत्नही करत नव्हती. तिथे काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ती दादाची मुंज सांगत होती. संध्याकाळी मी मुंजीचा फोटो भिंतीवरून काढून दाखवला. "कोणाचं रे हे पोर?" ती म्हणाली. तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या.

मी बाबांवर ओरडलो. "दिसत नाय तुम्हाला? जे सांगते ते तिच्यातून जातं!"

बाबा टोपल्यांवर खूण रंगवत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. "माझ्याकडे पण बोलत नाय ती आता," एवढंच म्हणाले. "मी तरी काय करू? तिचा पोरगा आलाय म्हणते."

"आणि तुम्ही? तुम्ही बघितला?"

"मी तिकडे जात नाय," बाबा म्हणाले. "पाठ दिसली एकदा. मी दार लोटून घेतलं."

दार लोटून घेतलं! तिकडे जाळायला हो म्हणणारा माणूस, इकडे दार लोटून घेणारच.

६

पाठ मीसुद्धा बघितली. मधल्या खोलीच्या अंधारातून पडवीतलं ऊन डोळ्यांवर येतं, सगळं काळं काळं दिसतं. आयच्या पुढे बाकड्यावर कोणीतरी वाडीकडे तोंड करून बसलं होतं. दादाचा निळा शर्ट. दादाची मान. उजवा कान थोडा पुढे आलेला. आय मागून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

माझ्या मनाने किती सबबी शोधल्या. आयने शर्ट बाकड्याला अडकवला असेल. आतेभाऊ आला असेल. मी दारापर्यंत गेलो की बाकडं रिकामं आणि खाली टोपली, बूड ओलं. हे असं रोज.

त्या दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. आयचा आवाज ऐकू आला आणि मी उठून बसलो.

"धाकटा झाला ना, तेव्हा तू म्हणालास, याचं नाव मी ठेवणार. प्रणव ठेवलंस. वेणाच नाय आल्या मला त्याच्या वेळी, पटकन झाला. तेव्हापासून सगळं पटकन, आगाऊ मेला..."

ती हसली.

दादाचं सगळं सांगून झालं होतं. आता ती माझं सांगायला लागली होती.

रिकामी टोपली घरी कशाला आणतात? ठेवायला नाही आणत. भरायला आणतात.

मी आतून गेलो नाही. पुढच्या दाराने बाहेर पडलो, घराला वळसा घातला, केळीतून पळत वाडीच्या बाजूने पडवीसमोर आलो. इकडून मला त्याचं तोंड दिसायला हवं होतं. आय एवढे दिवस मागेच बसली होती. ती कधी पुढे आलीच नव्हती.

तोंड नव्हतं. छाती नव्हती, पोट नव्हतं. मला माझ्या भावाच्या पाठीची आतली बाजू दिसली. टोपलीत डोकावून बघितल्यासारखी. आत पाणी निथळत होतं, तळाशी थोडंसं काही जमलं होतं आणि आयच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलकंच वर येत होतं. आणि आत, बरोबर मधोमध, काळ्या शाईत, माझ्या वाकड्या हाताने काढलेली खूण. अर्धा चंद्र, दोन आडव्या रेघा.

"कोण होतं तुझ्याजवळ?" मी ओरडलो. मला हेच सुचलं. "बोल ना! कोण होतं?"

आत नुसतं घुमलं.

"ओरडू नको त्याच्यावर," आय त्याच्या खांद्यावरून म्हणाली. तिचे डोळे माझ्यावर होते पण ओळख नव्हती त्यांत. "दमून आलाय तो. तू कोणाचा रे?"

७

आता टोपल्या वळणावरच पडतात. दुपारी वाडीत कसला आवाज नसतो. आय जेवते, फुलं ओवते, बाबांना चहा देते. माझ्याशी बोलत नाही. तिचा पोरगा मी हाकलला म्हणून बोलत नाही, की मी कोण ते तिला माहीतच नाही म्हणून, ते मी विचारत नाही. बाबा म्हणतात, विचार. त्यांनीच विचारावं.

आणि दादा, तुला सांगतो, माझा राग गेलेला नाही. त्या साहेबावरचा नाही, बाबांवरचा नाही, तुझ्यावरचा तर नाहीच. कुणी सांगितलं होतं एवढ्या लांब मरायला? मी बोलावलं म्हणून असं अर्धवट यायचं? आयला खायला यायचं?

पण त्या दुपारी काय झालं ते आय सांगणार नाही, बाबा दाराआड होते, म्हणून मीच सांगतो.

मी आयला उचललं. तिने माझ्या तोंडावर ओरबाडलं, शिव्या दिल्या, एवढ्या शिव्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. उचलताना मला रडू आलं, कारण ती काहीच भरत नव्हती हाताला. तिला आत नेलं, बाबांच्या अंगावर टाकलं आणि म्हटलं, "हिला धरा. आता तरी काहीतरी धरा." बाबांनी धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट.

मी परत आलो तेव्हा तो बाकड्यावर तसाच बसला होता. मला वाटलं होतं नसेल. त्याला तरी कुठे जायचं माहीत होतं? पत्ता मीच दिला होता.

मी विहिरीवरून बादली भरून आणली. नारळाचा काथ्या घेतला. वाडीच्या बाजूने पुढे गेलो आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो. डोळे मिटावेत असं फार वाटत होतं, मिटले नाहीत. त्याच्याजवळ कोणीतरी असायला हवं होतं.

"हलू नको," मी म्हटलं. "भडव्या, हलू नको."

तो हलला नाही.

काथ्या पाण्यात बुडवला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि माझ्या भावाची पाठ घासायला लागलो. आधी रागाने, जोरात, मग हळू, कोपरे काढत, खुणेची शाई सुटून पाणी स्वच्छ येईपर्यंत.